श्निट्सेल : एक जर्मन पदार्थ व त्यामागील शास्त्र

पाककला ही केवळ जिभेचे चोचले पुरविणारी कला आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः चूल ही प्रत्येक घरातील पहिली प्रयोगशाळा होय. तेथे उष्णता, पाणी, पीठ आणि मांस यांवर रोज प्रयोग चालतात व त्यांचे बरेवाईट परिणाम कुटुंबाच्या प्रकृतीवर होतात. या दृष्टीने अभ्यासास योग्य असा एक पदार्थ आम्ही येथे निवडला आहे. तो म्हणजे जर्मन लोकांच्या घरोघरी होणारे, पावाचा चुरा लावून तळलेले डुकराच्या मांसाचे काप.

जर्मन भाषेत यास 'श्निट्सेल' म्हणतात. या शब्दाचा अर्थ 'लहान काप' इतकाच आहे. आपल्याकडे 'कटलेट' म्हटले म्हणजे बटाट्याची किंवा खिम्याची तळलेली वडी डोळ्यांपुढे येते. श्निट्सेल तसे नव्हे, तो मांसाचा एक अखंड काप असतो. व्हिएन्ना शहराच्या नावाने प्रसिद्ध असलेले 'वीनर श्निट्सेल' वासराच्या मांसाचे असते. जर्मनीत व ऑस्ट्रियात ते नाव अन्य मांसास लावावयाचे नाही, असा नियम आहे. मांस डुकराचे असल्यास विक्रेत्याने तसे स्पष्ट सांगावे लागते. खाणारास आपण काय खातो हे कळले पाहिजे, हे तत्त्व त्यात आहे.

आता मुख्य अडचण पाहू. डुकराचे मांस आतपर्यंत पुरते शिजलेच पाहिजे. परंतु त्यातील चरबी नसलेला भाग फार वेळ शिजविला तर त्याचा रस आटून ते वादीसारखे चिवट होते. म्हणजे निर्धोक करू जावे तर बेचव होते आणि रसाळ ठेवू जावे तर धोका राहतो. श्निट्सेलच्या कृतीत या कोड्याचे उत्तर आहे.

तो धोका कोणता? इ. स. १८३५ मध्ये लंडन येथे जेम्स पॅजेट या वैद्यकीय विद्यार्थ्यास शवविच्छेदन करताना स्नायूंत अतिसूक्ष्म कृमी आढळले. पुढे त्यांस 'ट्रिकिना' हे नाव पडले. पुष्कळ वर्षे ते निरुपद्रवी समजले जात. १८६० साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथे एक मोलकरीण तापाने मरण पावली. डॉ. फ्रीड्रिख त्सेंकर यांनी तिचे शव तपासले, तेव्हा तिच्या स्नायूंत हे कृमी भरलेले दिसले. आणि ते डुकराच्या मांसातून आले, हेही सिद्ध झाले. १८६५ मध्ये हेडर्सलेबेन या खेड्यात हाच रोग उद्भवून तीनशेहून अधिक लोक आजारी पडले व १०१ दगावले. तिकडे डुकराचे कच्चे बारीक मांस खाण्याची चाल होती, तीच घातक ठरली. बर्लिनचे विख्यात वैद्य रुडॉल्फ फिरखो यांनी मांस सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेच पाहिजे, असा आग्रह धरला. आणि १९०० साली जर्मन साम्राज्यात मांसतपासणीचा कायदा झाला. आपल्या देशात डुकराच्या मांसापासून फीतकृमीचेही भय असते. मांसात साबुदाण्यासारखे पांढुरके, पाणीदार दाणे दिसल्यास ते मांस मुळीच घेऊ नये. कायदा बाजारावर लक्ष ठेवतो; चुलीवर लक्ष ठेवणे हे घरच्यांचेच काम आहे.

आता कृती. चार माणसांस मांडीच्या किंवा पाठीच्या मांसाचे, प्रत्येकी सुमारे १५० ग्रॅमचे चार काप घ्यावेत. ते तंतूंना आडवे कापलेले असावेत. मांसावर स्वच्छ कागद पसरून जड लाटण्याने मध्यापासून कडेकडे हलके ठोकावे आणि जाडी अर्ध्या सेंटिमीटरवर आणावी. पातळ कापात उष्णता मध्यापर्यंत लवकर पोहोचते; सर्वत्र जाडी सारखी असली म्हणजे एक कड करपून दुसरी कच्ची राहत नाही. कोड्याचे अर्धे उत्तर येथे मिळाले.

उरलेले अर्धे उत्तर आवरणात आहे. तीन पसरट थाळ्या घ्याव्यात. पहिलीत मैदा, दुसरीत चमचाभर दूध घालून फेटलेली दोन अंडी, तिसरीत वाळलेल्या पावाचा बारीक चुरा. कापांस मीठ व मिरपूड लावून ते याच क्रमाने बुडवावेत. हा क्रम उलटासुलटा चालत नाही. ओल्या मांसावरून अंडे घसरते, म्हणून मैद्याने ओल टिपावयाची. अंडे उष्णतेने थिजते व चुऱ्यास धरून ठेवते. कोरडा चुरा तापलेल्या तुपाचा थेट स्पर्श मांसास होऊ देत नाही, त्यामुळे मांस कोरडे पडत नाही. चुरा हाताने दाबू नये; सैल राहिला तर आतील वाफेने आवरण फुगते व खुसखुशीत होते. लावून ठेवलेले काप ओलसर होतात, म्हणून ते लगेच तळावेत.

जर्मन गृहिणी तळण्यास डुकराची चरबी, तेल किंवा कढविलेले लोणी वापरतात. हे कढविलेले लोणी म्हणजे आपले तूपच. पसरट कढईत ते दीड सेंटिमीटर खोल असावे व सुमारे १७० अंश सेल्सिअसपर्यंत तापावे. चुऱ्याचा कण टाकताच तो चुरचुरला म्हणजे ते तापले असे समजावे. प्रत्येक बाजू सुमारे तीन मिनिटे तळावी आणि कढई अधूनमधून हलवावी. एका वेळी फार काप घातल्यास तूप थंडावते व आवरणात मुरते. आवरणातील पाणी निघून गेल्यावरच सोनेरी रंग चढतो. त्या रंगाचे व सुवासाचे रहस्य लुई मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली उलगडण्यास आरंभ केला. परंतु बाहेरचा रंग पाहून आतल्याची खात्री मानू नये. मांसाचा मध्य ७० अंशांवर दोन मिनिटे राहिला पाहिजे, असे जर्मन तज्ज्ञ सांगतात. उष्णतामापक असल्यास तो वापरावा. नसल्यास सर्वांत जाड जागी कापून पाहावे, गुलाबी छटा दिसल्यास पुन्हा शिजवावे. कच्चे मांस लागलेली सुरी, पाट व हात साबणाने धुवावेत. मुलांनी तापलेल्या तुपाजवळ वडील माणसांवाचून जाऊ नये.

लिंबाची फोड व उकडलेले बटाटे हा याचा नेहमीचा सोबती. ज्यांच्या धर्मात किंवा घरच्या रीतीत हे मांस वर्ज्य आहे, त्यांनी कोंबडीच्या मांसावर हीच कृती करावी. जर्मनीतही ती तशी होते. शेजाऱ्याचा विधिनिषेध जाणून त्याच्यापुढे ताट ठेवणे हाही गृहशिक्षणाचाच धडा आहे.

या पदार्थाचे सर्व सौंदर्य ज्या चुऱ्यावर अवलंबून, तो शिळ्या पावाचा असतो, हे ध्यानात घ्यावे. पाच हजारांस जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडेही गोळा करविले. मग आपण ते का टाकावेत? वाया जाणाऱ्या वस्तूपासून रुची निर्माण करणे ही काटकसर, आणि प्रत्येक कृतीचे कारण विचारणे हे ज्ञान. कोणत्याही पाककृतीत 'असे करावे' हे वाचून थांबू नये, 'असे का करावे' हेही विद्यार्थ्यांनी घरी विचारावे आणि पालकांनी त्याचे उत्तर त्यांच्यासह शोधावे. ज्या घरी हा प्रश्न विचारला जातो, त्या घरचे अन्न रुचकर तर होतेच, पण निर्धोकही होते.