प्लॅटिनम, पांढरे सोने आणि शरिअत

निकाह ठरला की इतवारीच्या सराफ्यातून आलेले तरुण विचारतात, "मौलाना, पांढऱ्या सोन्याची अंगठी पुरुषाला चालते ना?" विदर्भात पांढरे सोने म्हणजे कापूस, बोलण्यात मात्र या नावाखाली दोन भिन्न वस्तू येतात. व्हाइट गोल्ड हे पॅलेडियम किंवा निकेल मिसळून पांढरे केलेले सोनेच होय. १८ कॅरेटमध्ये ७५ टक्के सोने असते. प्रेषितांनी (स.) पुरुषांस सोने हराम ठरविले, रंग बदलल्याने हुकूम बदलत नाही. जकातही सोन्याचीच.

प्लॅटिनम हे स्वतंत्र मूलद्रव्य. ते १७६८ अंश सेल्सियसला वितळते आणि सोन्याहूनही जड आहे. युरोपला त्याची ओळख अठराव्या शतकात झाली. जुन्या फिकहग्रंथांत त्याचे नाव कोठून असणार? वापरातील प्लॅटिनमवर जकात नाही. विक्रीसाठी घेतलेले असल्यास व्यापारी माल म्हणून बाजारभावाने अडीच टक्के. अंगठीचा प्रश्न मात्र वेगळा. हनफी मतानुसार पुरुषास चांदीचीच, तीही एक मिस्कालहून (सुमारे ४.३७ ग्रॅम) कमी वजनाची अंगठी जायज, कोकणातील शाफई बांधवांच्या मसलकात इतर धातूंना सवलत आहे. घेतलेल्या अंगठीच्या आतील शिक्का पाहावा: ‘पीटी ९५०’ म्हणजे प्लॅटिनम, ‘७५०’ म्हणजे सोने.