टाकी उघडून पाहा

पोट बिघडतं, दोन दिवसांत सावरतं आणि आठवड्याने पुन्हा बिघडतं. घरात असं चाललं असेल तर ‘बाहेरचं खाल्लं असेल’ म्हणून सोडून देऊ नका. आमच्या मुंबईतल्या चारकोपच्या घरी माझ्या मुलाचं हेच चाललं होतं. ताप नाही, शौचातून रक्त नाही. पण जेवलं की पोट फुगायचं, सडक्या अंड्यासारखे ढेकर यायचे, शौचाला तेलकट, उग्र वासाचं व्हायचं, आणि शाळेची पॅन्ट कमरेत सैल होत गेली. जुलाब थांबवायच्या गोळ्यांनी तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. पुढे एका डॉक्टरांनी शौचाची तपासणी लिहून दिली, तीही वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या तीन नमुन्यांची. पहिल्यात काहीच निघालं नाही, नंतरच्यात जिआर्डिया सापडला. हा परजीवी रोज शौचावाटे बाहेर पडतोच असं नाही. म्हणून पहिला रिपोर्ट चांगला आला तरी पुढचे नमुने द्याच.

शेजारच्या घरांतही अशाच तक्रारी होत्या, तेव्हा लक्ष पाण्याकडे गेलं. पालिका पाणी शुद्ध करून, क्लोरीन घालून पाठवते. पण आमच्या सोसायटीत ते आधी जमिनीखालच्या टाकीत पडतं आणि मग मोटरने गच्चीवर चढतं. जागतिक बँकेच्या मदतीने १९८०च्या दशकात म्हाडाने चारकोप वसवलं. इथल्या दाटीत टाकी आणि गटाराचा चेंबर शेजारी-शेजारी असणं नवलाचं नाही. प्लंबरने टाकी रिकामी करवून चेंबरमध्ये रंग ओतला. थोड्या वेळाने टाकीच्या कोपऱ्यातून रंगीत पाणी पाझरताना दिसलं. एरवी टाकीतलं पाणी नितळ दिसायचं, वासही नसायचा.

अशा वेळी टाकीत क्लोरीन टाकून भागेल असं अनेकांना वाटतं. बहुतेक जिवाणू त्याने मरतात; जिआर्डिया मात्र टणक कवचात असतो आणि नेहमीच्या मात्रेला बराच वेळ दाद देत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम हा दुसरा परजीवी तर त्याहून चिवट. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९९३ साली शुद्धीकरण केंद्रातून आलेल्या पाण्यातूनच तो पसरला आणि अंदाजे चार लाख लोक आजारी पडले. पाण्यात ई-कोलाय जिवाणू नाहीत, एवढ्या रिपोर्टवरही निर्धास्त राहू नका. क्लोरीनने ते मेलेले असतात, हे परजीवी जिवंत असू शकतात.

उकळणं मात्र हमखास उपयोगी पडतं. पाणी खळखळू लागल्यावर एक मिनिट तसंच उकळू द्या आणि झाकून ठेवा. दात घासायला, बर्फाला, कोशिंबिरीची भाजी धुवायलाही तेच वापरा. घरात ज्याला ज्याला त्रास आहे त्याची तपासणी करून घ्या, कारण शौचानंतर हात नीट धुतले नाहीत तर आजार घरातच फिरत राहतो. डॉक्टरांनी दिलेलं औषध बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. नंतर काही आठवडे दूध पचलं नाही तर घाबरू नका, ते बहुधा तात्पुरतं असतं. मात्र ताप येऊन उजव्या बरगडीखाली दुखू लागलं तर थांबू नका. अशाच दूषित पाण्यातून येणाऱ्या अमिबामुळे यकृतात गळू झालेलं असू शकतं.

टाकीचा विषय सोसायटीच्या सभेत शेवटी येतो; तो पहिला यायला हवा. टाकी शेवटची कधी धुतली, झाकण घट्ट बसतं का, गटार किती जवळ आहे, हे विचारा. रंगाची चाचणी पावसाळ्याआधी करून घ्या, कारण एकदा जमीन भिजली की गळती शोधणं आणि बुजवणं दोन्ही अवघड होतं. टाकीत येण्याआधीच पालिकेचं पाणी गढूळ दिसलं तर मुंबई पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.