कसुतीची घरे, अंकुराची वाढ

चलच्चित्र आणि संगणकीय चित्रकला शिकवावयाची म्हटली की प्रथम यंत्रसामग्रीचा प्रश्न उपस्थित होतो. शाळेत संगणक नाहीत म्हणून विषय पुढे ढकलला जातो आणि विद्यार्थी घरच्या मोबाइलवर इतरांनी केलेली चित्रे पाहत राहतो. तो निव्वळ प्रेक्षक न राहता कर्ता व्हावा, यादृष्टीने पुढील दोन स्वाध्याय उपयुक्त ठरतील.

पहिला स्वाध्याय हुबळी-धारवाड परिसरातील कसुती भरतकामावर आधारलेला आहे. या कामात कापडावर आकृती आखून घेत नाहीत. धागे मोजून टाके घालतात. गवंती, मुर्गी, नेगी व मेंथी हे त्याचे चार टाके होत. संगणकाचे चित्रही असेच मोजलेल्या ठिपक्यांचे बनते. विद्यार्थ्याने आलेखवहीत २४ उभी व २४ आडवी घरे आखावीत. आजीकडून अथवा शेजारच्या जाणकार स्त्रीकडून तुळशीवृंदावनाचा नमुना समजून घ्यावा आणि मेंथीच्या प्रत्येक फुलीसाठी एक घर भरावे. भरलेल्या घरास १ व मोकळ्या घरास ० असे लिहून ते आकडे वर्गात वाचावेत. सोबत्याने मूळ नमुना न पाहता चित्र उभे करावे. ५७६ आकड्यांपैकी एखादा गळला की त्या ओळीतील पुढची नक्षी सरकते. संगणकाची भाषा अचूकपणाची का असते, हे येथे आपोआप उमगते.

दुसऱ्या स्वाध्यायाचा आदर्श दादासाहेब फाळके यांचा आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली प्रदर्शित झाला. त्यापूर्वी भांडवलदारांची खात्री पटविण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून, त्याच्या वाढीची चित्रे महिन्याहून अधिक काळ टिपून, ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट सिद्ध केला होता. विद्यार्थ्यांनीही कुंडीत मटकी पेरावी. एकच मोबाइल एकाच जागी, एकाच उंचीवर ठेवून दररोज ठरलेल्या वेळी ४ छायाचित्रे घ्यावीत. ३० दिवसांत १२० छायाचित्रे होतात. सेकंदास १० या गतीने ती दाखविल्यास १२ सेकंदांचे चलच्चित्र तयार होते. ज्याच्याकडे मोबाइल नसेल त्याने रोप वहीच्या कोपऱ्यांत पानोपानी रेखाटून पाने भराभर उलटावीत.

मूल्यमापन करताना यंत्राच्या किमतीस नव्हे, तर निरीक्षणास व सातत्यास गुण द्यावेत. घरातील वडीलधाऱ्यांकडील टाक्यांचे ज्ञान कोणी विचारले नाही, तर ते त्यांच्याबरोबरच लोपेल. शाळेने ते विचारावयास लावले, तर जुनी कला आणि नवे तंत्र ही दोन्ही एकाच वहीत नांदतील.