लंडन ते पॅरिस : अंतर किती, वेळ किती?

भूगोलाच्या तासाला आम्ही वर्गास एक साधे उदाहरण घातले होते. लंडनहून निघालेले विमान पॅरिसला किती वेळात पोहोचेल? अंतर मात्र नकाशावरूनच काढावयाचे होते. लंडन ५१.५१ उत्तर अक्षांशावर आहे, पॅरिस ४८.८६ वर, फरक २.६५ अंशांचा. एका अंशाचे सुमारे १११ किलोमीटर धरले की दक्षिणोत्तर अंतर २९४ किलोमीटर होते. रेखांशांतील फरक २.४८ अंशांचा, परंतु रेखावृत्ते ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत जातात, म्हणून त्या भागात एक अंश अवघा ७१ किलोमीटरांचा भरतो. अर्थात पूर्वपश्चिम अंतर १७६ किलोमीटर. आता पायथागोरसचा सिद्धांत लावला की कर्ण ३४३ किलोमीटर येतो. विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर घेतल्यास उत्तर २६ मिनिटे. ते ज्यांनी ज्यांनी काढले, त्यांना आम्ही पूर्ण गुण दिले.

दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीने विमानांच्या वेळा लिहून आणल्या. लंडनहून १० वाजता सुटणारे विमान पॅरिसला १२ वाजून २० मिनिटांनी उतरत होते, आणि पॅरिसहून १० वाजता निघणारे लंडनला १० वाजून २० मिनिटांनी! “सर, जाताना दोन तास वीस मिनिटे आणि येताना वीसच?” कोणी म्हणाले, वाऱ्यामुळे. पश्चिमेचे वारे तिकडे असतात खरे, पण एवढ्याशा प्रवासात ते दोन तासांचा फरक कसा पाडणार?

फरक घड्याळांचा होता. पॅरिसचे घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असते. दोन्ही प्रवासांची बेरीज करून निम्मी केली की खरा वेळ निघतो : १ तास २० मिनिटे. गंमत अशी की, सूर्याच्या हिशेबाने या दोन शहरांत जेमतेम दहा मिनिटांचे अंतर आहे. १९११ पर्यंत फ्रान्स पॅरिसची स्थानिक वेळ पाळीत असे व ती ग्रिनिचच्या ९ मिनिटे २१ सेकंद पुढे होती. त्या वर्षी फ्रान्सने ग्रिनिचची वेळ स्वीकारली. पुढे १९४० मध्ये जर्मन सैन्याने पॅरिस घेतले आणि तेथील घड्याळे बर्लिनप्रमाणे लावली. युद्ध संपले, जर्मन गेले; बर्लिनची वेळ मात्र राहिली.

तरीही २६ मिनिटांचे १ तास २० मिनिटे का व्हावे? विमान धावपट्टीपर्यंत सावकाश जाते, पाळी येईपर्यंत थांबते, चढते, उतरते. ताशी ८०० चा वेग त्याला थोडाच काळ लाभतो. शिवाय विमानतळ शहराबाहेर. १९९४ पासून खाडीखालच्या सुमारे ५० किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून जाणारी आगगाडी सुमारे २ तास २० मिनिटांत थेट शहरातून शहरात पोहोचविते. १९१९ च्या ऑगस्टमध्ये लंडन-पॅरिस दैनिक विमानसेवा सुरू झाली, तेव्हा एकच प्रवासी घेऊन गेलेल्या पहिल्या विमानालाही साधारण तेवढाच वेळ लागला होता!

दिलेले गुण आम्ही परत घेतले नाहीत. मात्र यंदा तोच प्रश्न घालताना ‘घराच्या दारापासून’ एवढे शब्द वाढविले आहेत.