आहार आणि विवेक : विकत घेण्यापूर्वी वाचा

आपल्या जिल्ह्यातील महाड येथे १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली होती. २० मार्चला परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हा इतिहास आपल्या घराघरांतील लहान मुलांनाही ठाऊक आहे. त्याच परिषदेची दुसरी एक बाजू मात्र कमी सांगितली जाते. परिषदेला जमलेल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, उष्टे-शिळे मागून खाणे सोडा, असे बाबासाहेबांनी आपल्या बांधवांना तेथे निक्षून सांगितले होते. म्हणजे महाडचा लढा जसा पाण्याचा होता, तसा तो ताटातील अन्नाचाही होता. समोर टाकलेले निमूटपणे न खाता काय खावे हे स्वतः ठरवणे, हा स्वाभिमानाचा पहिला धडा होय.

कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. आज आपल्या पुष्कळ कुटुंबांत एखादी तरी नोकरी आहे, महिन्याला ठरावीक रक्कम घरात येते. आता उष्टे कोणी टाकत नाही. परंतु झगमगत्या दुकानात रंगीत पाकिटे मांडून ठेवलेली असतात आणि आपण ती टोपलीत भरतो. त्या वेळी आपण खरोखर निवड करतो काय, हा या लेखाचा प्रश्न आहे.

धम्म काय सांगतो?

भगवान बुद्धांनी केसपुत्त गावच्या कालामांना केलेला उपदेश आपण विहारात अनेकदा ऐकला आहे. परंपरेने आले, पुष्कळ जण म्हणतात, सांगणारा मोठा आहे, एवढ्यावरून एखादी गोष्ट मानू नये. ती हिताची की अहिताची हे स्वतः तपासून घ्यावे, असा त्याचा आशय आहे. आजच्या काळात ‘पुष्कळ जण म्हणतात’ याचे काम जाहिरात करते आणि ‘सांगणारा मोठा आहे’ याचे काम पाकिटावर छापलेला क्रिकेटपटू किंवा नट करतो. तेव्हा कालाम सुत्त दुकानातही उपयोगी पडणारे आहे.

दुसरे उदाहरण कोसल देशाचा राजा प्रसेनजित याचे. तो द्रोणभर भाताचे जेवण करून धापा टाकीत बुद्धांच्या भेटीस आला. जो सावध राहून जेवणाचे प्रमाण जाणतो त्याचे दुखणे कमी होते व आयुष्य जपले जाते, अशा अर्थाची गाथा बुद्धांनी त्याला सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली व रोज जेवताना म्हणायला सांगितले. हळूहळू त्याचा आहार नाळीभर भातावर आला आणि अंग हलके झाले. यालाच पालीमध्ये ‘भोजने मत्तञ्ञुता’ म्हणतात. भिक्षूने अन्न घेताना हे मौजेसाठी किंवा मस्तीसाठी घेत नसून शरीराच्या धारणेसाठी घेत आहोत, असे चिंतन करावयाचे असते. गृहस्थानेही ते करण्यास हरकत नाही.

प्रश्न किती गंभीर आहे?

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांपैकी तिघांत एकाहून अधिक जणांना उच्च रक्तदाब आढळला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील १०० पैकी ५७ स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. म्हणजे एकीकडे नको ते जास्त पोटात जाते, तर दुसरीकडे हवे ते मिळत नाही, आणि दोन्ही दुखणी एकाच घरात असू शकतात.

मे २०२४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार सदोष आहाराशी जोडलेला आहे, असा अंदाज त्यात दिला आहे. मीठ, साखर व कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले पदार्थ कमी करा आणि पाकिटावरील माहिती वाचून निवड करा, हाही त्यातील उपदेश आहे. दिवसाला मीठ ५ ग्रॅमपेक्षा जास्त नसावे, हे जागतिक आरोग्य संघटनेचेही मत आहे. वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, म्हणजे चहाचे साधारण पाच चमचे. दिवसातून तीन-चार चहा घेणाऱ्यांचा हा वाटा चहातच संपतो.

दुकान आपल्याला कसे विकते?

पनवेलपासून अलिबाग-महाडपर्यंत तालुक्याच्या गावांतून आता मोठी दुकाने निघाली आहेत. किराणा दुकानात आपण यादी देतो व दुकानदार वस्तू काढून देतो. येथे आपण स्वतः फिरतो, आणि फिरताना यादीत नसलेल्या वस्तू दिसत राहाव्यात अशी मांडणी केलेली असते. तांदूळ, डाळ, तेल घेण्यासाठी बहुधा आतपर्यंत जावे लागते. ज्या मालाचा खप वाढवायचा तो नजरेच्या उंचीवर असतो. चॉकलेटे व गोळ्या पैसे देण्याच्या ठिकाणी, रांगेत उभ्या असलेल्या मुलांच्या हाताशी असतात. ‘एकावर एक मोफत’ हा फलक सहसा बिस्किटे, नूडल्स, सरबते यांवर दिसतो. पालेभाजीच्या जुडीवर तो क्वचितच आढळेल.

यात बेकायदेशीर काही नाही. दुकान माल विकण्यासाठीच आहे. परंतु आपण जर यादी, अंदाजपत्रक आणि चौकसपणा घरी ठेवून गेलो, तर निवड दुकान करते आणि पैसे फक्त आपण देतो.

एक हिशेब पाहू. समजा ४० ग्रॅम वेफर्सचे पाकीट २० रुपयांना आहे, तर त्याचा दर किलोला ५०० रुपये झाला. बटाट्याचा बाजारभाव त्याच्याशी ताडून पाहा. रोज एक पाकीट घेतल्यास महिन्याला ६०० रुपये व वर्षाला सुमारे ७,२०० रुपये जातात. बँकेतील आवर्त ठेवीचा हप्ता ‘जमत नाही’ म्हणून बंद करणारी कुटुंबे आमच्या खिडकीवर नेहमी येतात. त्यांतील कित्येकांचा हप्ता याहून कमी असतो. सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचा एक भाग उपभोगासाठी, दोन भाग व्यवसायासाठी व चौथा अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवण्यास सांगितले आहे, हे येथे आठवावे.

पाकीट वाचण्याचा पाठ

कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी बारीक अक्षरांतील मजकूर वाचावा, हे सर्वांना पटते. खाण्याच्या पाकिटालाही तोच नियम लावावा. पुढच्या बाजूला जाहिरात असते व मागच्या बाजूला माहिती, म्हणून पाकीट आधी उलटे करावे.

१) घटकपदार्थ : हे वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पहिले दोन-तीन शब्द मैदा, साखर व पाम तेल असे असतील, तर पुढे कितीही सुंदर चित्र असो, तो पदार्थ मुख्यतः मैदा, साखर व तेलच आहे.

२) ठळक जाहिरात केलेला घटक : ‘नाचणी बिस्कीट’ किंवा ‘मल्टिग्रेन’ असे मोठ्या अक्षरांत असेल, तर त्या घटकाचे शेकडा प्रमाण यादीत शोधावे. बरेचदा ते अगदी थोडे निघते.

३) साखरेची टोपणनावे : ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज ही साखरेचीच भावंडे आहेत.

४) साखरेचे प्रमाण : पोषणमूल्ये बहुधा १०० ग्रॅममागे दिलेली असतात. समजा १०० ग्रॅममध्ये साखर २४ ग्रॅम आहे व पाकीट ५० ग्रॅमचे आहे, तर पोटात १२ ग्रॅम, म्हणजे सुमारे अडीच चमचे साखर गेली.

५) मीठ : पाकिटावर मीठ न लिहिता सोडियम लिहितात. सोडियमला अडीचने गुणले की मिठाचे वजन मिळते. समजा नूडल्सच्या १०० ग्रॅममध्ये १,२०० मिलिग्रॅम सोडियम आहे व पाकीट ७० ग्रॅमचे आहे, तर सोडियम ८४० मिलिग्रॅम, म्हणजे मीठ २.१ ग्रॅम झाले. दिवसभराच्या मर्यादेच्या दोन-पंचमांशांहून जास्त मीठ मुलाने मधल्या वेळच्या एका खाण्यात संपवले.

६) मुदत व परवाना : वापरण्याची मुदत आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक पाहावा. हा क्रमांक म्हणजे उत्पादकाची नोंद आहे. पदार्थ पौष्टिक असल्याचे ते प्रमाणपत्र नव्हे.

नावावर जाऊ नका

नाव फसवे असू शकते, हे शासनानेही मान्य केले आहे. दुधात घालायच्या गोड भुकट्या वर्षानुवर्षे ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून खपल्या. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मध्ये ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही, आणि एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये त्या सदरातून काढण्यास सांगितले. जून २०२४ मध्ये, रसाच्या अर्कात पाणी मिसळून तयार केलेल्या पेयांवरील ‘शंभर टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाकण्याचा आदेश निघाला.

तिसरे उदाहरण तर जिवाशी संबंधित आहे. जुलाब झालेल्या मुलाला दिले जाणारे खरे ओआरएस ठरलेल्या मापाचे असते : एक लिटर पाण्याला २०.५ ग्रॅम मिश्रण व त्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम. परंतु नावात ‘ओआरएस’ ही अक्षरे घालून कितीतरी जास्त साखरेची पेये विकली जात होती. जास्त साखरेने जुलाब वाढू शकतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षे पाठपुरावा केला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरण्यास मनाई केली. एका स्त्रीने प्रश्न विचारला, उत्तर मिळेपर्यंत विचारला आणि देशभरची पाकिटे बदलावी लागली. विद्यार्थ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

आपल्या किनाऱ्याचे अन्न

आपल्याकडे एक अवघड जागेचे दुखणे आहे. नाचणीची भाकरी, जवळ्याची चटणी, टाकळ्याची भाजी, कुळथाचे पिठले हे गरिबीच्या दिवसांचे अन्न. पाहुण्यांसमोर ते ठेवण्याचा आपल्याला संकोच वाटतो आणि बिस्किटांची बशी पुढे केली की प्रतिष्ठा राखली असे वाटते. यात इतिहासाचा भाग आहे. जे अन्न खाल्ले म्हणून लोकांनी हिणवले, ते अन्न माणूस टाकून देऊ पाहतो. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ सालच्या पुस्तकात मराठवाड्यातील दलित समाजाच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली, ती या दृष्टीने मोलाची आहे. गरिबीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. आपल्या आजी-आजोबांना हे अन्नही पोटभर मिळत नव्हते. परंतु दोष उपासमारीचा व विषमतेचा होता, नाचणीचा नव्हता.

१०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पांढऱ्याशुभ्र तांदळात त्याचा दहावा हिस्सादेखील नसतो. तांदूळ जास्त सडला की कोंड्याबरोबर ‘ब’ जीवनसत्त्व जाते. जावा बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आइकमान या डॉक्टरांना बेरीबेरी रोगाचा संबंध सडलेल्या तांदळाशी आढळला, तो याच कारणाने. भातानंतर शेतातल्या ओलीवर येणारे वाल, चवळी, शेवग्याचा पाला, पावसाळ्यातील कुर्डू व भारंगी, मांदेली, सुकट, आमसूल, अलिबागचा पांढरा कांदा ही सर्व आपल्या दाराशी आहेत. त्या कांद्याला २०२२ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाल्यापासून नाचणी मोठ्या दुकानांत मानाने आली आहे, पण बहुधा साखर व तेलाच्या सोबतीने आणि चढ्या दराने. तेव्हा दळणासाठी सुटी नाचणी घेणेच शहाणपणाचे.

आठवड्याच्या बाजारात कातकरी व ठाकूर भगिनी रानभाज्या आणतात, कोळी भगिनी मासळी आणतात. त्यांच्याकडून घेतले की आपला पैसा कष्टकऱ्याच्या हाती जातो. मात्र रानभाजी जाणत्याकडूनच घ्यावी, आणि रक्तदाब असलेल्यांनी मीठ लावून खारवलेली मासळी बेताने खावी.

पाकिटातले सर्वच वाईट असा उलटा समजही नको. आपल्या मिठागरांतील जाड्या मिठात पुरेसे आयोडीन नसते, म्हणून आयोडीनयुक्त मीठ पाकिटातलेच घ्यावे. २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास बंदी आहे. १९९८ साली दिल्लीत पिवळ्या धोतऱ्याच्या तेलाची भेसळ झालेल्या मोहरीच्या तेलामुळे जलोदराची साथ येऊन माणसे दगावली होती, हे पाहता तेलही मोहोरबंद घेणे बरे. विवेक म्हणजे प्रत्येक वस्तू वेगळी तपासणे.

संस्थेने व घराने काय करावे?

१४ एप्रिलला कडक उन्हात मिरवणुकीत बाटलीबंद थंड पेये वाटण्याऐवजी आमसुलाचे सरबत किंवा ताक द्यावे. वैशाख पौर्णिमेला सुजातेच्या खिरीची आठवण म्हणून विहारात खीर होतेच. इतर पौर्णिमांना बिस्किटांच्या पुड्यांऐवजी उकडलेले शेंगदाणे, चवळीची उसळ किंवा केळी द्यावीत. घरी यादी करून व पोटभर जेवून खरेदीस जावे. भेसळ किंवा मुदत संपलेला माल आढळल्यास पावती जपून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकही आहे.

चवदार तळ्यावर आपल्या माणसांनी ओंजळभर पाण्यासाठी डोकी फोडून घेतली. त्यांनी मिळवून दिलेला निवडीचा हक्क आपण दुकानाच्या मांडणीवर सोपवू नये, एवढीच सर्व सभासदांना व विद्यार्थ्यांना विनंती.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास

१) घरातील कोणतीही पाच पाकिटे घेऊन प्रत्येकाचे पहिले तीन घटक लिहा.
२) त्यांतील साखर चमच्यांत व सोडियम मिठाच्या ग्रॅममध्ये मांडा.
३) प्रत्येकाचा किलोचा दर काढून त्याच पैशात बाजारातून काय आले असते ते लिहा.
४) आजीला किंवा शेजारच्या वृद्ध स्त्रीला विचारून पावसाळ्यातील पाच रानभाज्यांची नावे व कृती लिहून आणा, आणि पुढच्या पौर्णिमेला विहारात वाचून दाखवा.