दोन फासे आणि नाणेघाट

हॉस्टेलची लाइट गेली की दोनच उद्योग उरतात : झोपा काढणे, नाहीतर गप्पा छाटणे. त्यात आज तिसऱ्याची भर घालू. 'रोल-प्लेइंग गेम', म्हणजे आपल्या भाषेत सोंगांचा खेळ. कॉम्प्युटर नको, नेट नको. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आणला आणि या प्रकाराची सुरुवात झाली. पुढे नियमांची पुस्तकं जाडजूड होत गेली, म्हणून बरेच जण पुन्हा जुन्या पद्धतीकडे वळले : नियम थोडे, डोकं जास्त. आपणही तसंच करू.

साहित्य : ल्यूडोच्या डब्यातले दोन फासे, पेन्सिल, जर्नलची कोरी पानं आणि चार-पाच जण.

मांडणी : एकजण सूत्रधार. तो प्रसंग उभा करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. प्रत्येक पात्राचे तीन गुण : बळ, चपळाई, अक्कल. त्यांना २, १, ० हे आकडे मर्जीप्रमाणे वाटा. शिवाय प्रत्येकाला सहा 'दम'. लागलं-पडलं की दम कमी. शून्यावर आलात की पात्र खलास, नवीन पान घ्या!

नियम : सूत्रधार विचारतो, "आता काय करतोस?" काम सोपं असेल तर ते झालंच. धोका असेल तर दोन्ही फासे टाका, बेरजेत गुण मिळवा. ८ किंवा जास्त आले की जमलं. आता गणित बघा. एकूण शक्यता ३६. गुण ० असेल तर १५ वेळा जमतं, १ असेल तर २१ आणि २ असेल तर २६ वेळा. म्हणजे पैलवानसुद्धा चारातून एकदा तरी आपटतो! म्हणून शहाणा खेळाडू फाशांच्या भरवशावर राहत नाही. फासे टाकायची वेळच येणार नाही, अशी युक्ती काढतो. खरी मजा तिथेच आहे.

जागा शोधायला लांब जायला नको. मुरबाडहून वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाट चढतो. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांचा माल याच वाटेने जुन्नरकडे जाई. माथ्यावरच्या लेण्यात ब्राह्मी शिलालेख आहे, जवळच दगडी रांजण. त्यात जकात टाकत, असं सांगतात. आपला तांडा तिकडेच निघालाय :

सूत्रधार : अंधार पडलाय. बैल अडलेत. वर झाडीत खसफस होतेय. काय करता?
रखवालदार : भाला घेऊन घुसतो!
सूत्रधार : टाक फासे. तीन आणि दोन पाच, बळाचे दोन, सात. हुकलं! पाय घसरला, एक दम गेला.
वाटाड्या : थांबा रे. मी पलित्यावर तेल ओततो. जनावर असेल तर पळेल, माणूस असेल तर बोलेल.
सूत्रधार : याला फासे नकोत. आवाज येतो, "मारू नका!" जकात चुकवून पळालेला पोरगा आहे. धरून देणार की तांड्यात लपवणार?

या प्रश्नाला कुठलाच फासा उत्तर देत नाही. सगळे भांडतील. भांडू द्या.

दुसऱ्या दिवशी शहापूरचा माहुली किल्ला घ्या. साल १६३६. शहाजीराजे गडावर, खाली मोगल आणि आदिलशाही फौजा. इतिहासात तह झाला. तुमच्या खोलीत काय होईल ते तुम्ही ठरवा.

सूत्रधाराला एकच सूचना : जो गप्प बसतो त्याला आधी विचारा. आपल्यातल्या कितीतरी जणांना वायव्हात उत्तर येत असतं, पण तोंड उघडत नाही. इथे अस्खलित इंग्रजीला मार्क नाहीत. पावसात घाटाची वाट कशी निसरते, बिथरलेला बैल कसा धरायचा, हे गावाकडच्या मुलाला ठाऊक असतं आणि त्याच्या एका वाक्यावर अख्खा तांडा वाचतो. दोन तास असा बोललेला मुलगा परीक्षकासमोरही थोडं जास्त बोलेल.

दर खेळाला सूत्रधार बदला. आणि हो, फासे डब्यात परत ठेवा. ल्यूडोवाले शोधत येतात!