जुन्या मोटारीच्या इंजिनातील थर्मोस्टॅट घरी कसा बदलावा?

शेतमालाची ने-आण करणे, बी-बियाणे व खते आणणे, अडीअडचणीला आजाऱ्यास दवाखान्यात पोचविणे, या कामांसाठी खेड्यांतून आजही कित्येक जुन्या मोटारी व जीपगाड्या वापरात आहेत. अशा गाडीचे इंजिन वारंवार तापू लागले, की थर्मोस्टॅट काढून टाकला जातो. ‘आपल्या उष्ण हवेत त्याची गरज नाही’ असा समज त्यामागे असतो. हा समज चुकीचा आहे. थर्मोस्टॅट ही अल्प किमतीची वस्तू असून थोडी काळजी घेतल्यास ती घरच्या घरी बदलता येते. तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यास मात्र सिलिंडर हेड वाकणे किंवा त्याखालील गॅस्केट जळणे असे मोठ्या खर्चाचे नुकसान होते.

थर्मोस्टॅटचे कार्य

थर्मोस्टॅट ही इंजिन व रेडिएटर यांच्यामधील पाण्याच्या वाटेवरील झडप होय. तिच्या खालच्या धातूच्या कुपीत विशिष्ट प्रकारचे मेण भरलेले असते. इंजिन थंड असताना झडप बंद राहते व पाणी इंजिनातच फिरून लवकर तापते. ठराविक उष्णतामानास मेण वितळून फुगते, झडप उघडते व पाणी रेडिएटरकडे जाऊ लागते. पाणी निवले म्हणजे स्प्रिंग झडप पुन्हा मिटविते. झडप कोणत्या उष्णतामानास उघडू लागते तो आकडा, उदाहरणार्थ ८२ अंश सेल्सिअस, थर्मोस्टॅटवर बहुधा कोरलेला असतो.

थर्मोस्टॅट काढून टाकल्यास इंजिन योग्य उष्णतामानास उशिरा पोचते. इंधन नीट जळत नाही, न जळलेले इंधन व पाण्याचा अंश वंगणतेलात मिसळतो आणि सिलिंडरची झीज वाढते.

दोष कसा ओळखावा?

प्रथम रेडिएटरमधील पाणी, पंख्याचा पट्टा, नळ्यांची गळती व रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा तपासावा. हे सर्व ठीक असल्यास थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या रबरी नळीस हात लावून पाहावा. हात व कपडे पंख्यापासून दूर ठेवावेत. नळी सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेली व काटा वर चढेना, तर झडप उघडी अडकली आहे असे समजावे. काटा तांबड्या खुणेकडे गेला तरी नळी थंडच राहिली, तर झडप बंद अडकली असण्याचा संभव असतो. अशा वेळी इंजिन ताबडतोब थांबवावे.

बदलण्याची रीत

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाबाखालील पाणी उसळून हातातोंडास गंभीर भाजते.

२. रेडिएटरच्या तळाची तोटी सोडून पाण्याची पातळी थर्मोस्टॅटच्या खाली येईल इतके पाणी बादलीत काढावे. या पाण्यात कूलंट असल्यास ते गोड परंतु विषारी असते. गुरे, कुत्री व मुले त्यास तोंड लावणार नाहीत अशी व्यवस्था करावी व ते विहीर, ओढा किंवा गोठ्याजवळ सांडू नये.

३. वरची रबरी नळी जेथे इंजिनास मिळते, तेथील आवरणाखाली थर्मोस्टॅट बहुधा बसविलेला असतो. जुन्या अँबॅसडर मोटारीच्या १४८९ घनसेंटिमीटरच्या पेट्रोल इंजिनात हे आवरण सिलिंडर हेडच्या पुढील टोकास तीन नटांनी आवळलेले असते. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री पातळ तेल सोडावे. आवरण चिकटलेले असल्यास लाकडी ठोकळ्याने हलके ठोकावे. पेचकस घालून उचकटू नये, अन्यथा धातूस खाचा पडतात.

४. जुना थर्मोस्टॅट कोणत्या बाजूने बसविला होता हे पाहून तो काढावा. मेणाची कुपी व स्प्रिंग इंजिनाच्या बाजूस असते.

५. भोकात स्वच्छ फडके ठेवून दोन्ही पृष्ठभागांवरील जुन्या गॅस्केटचे अवशेष खरवडून काढावेत. नंतर फडके आठवणीने काढून घ्यावे.

६. नवा थर्मोस्टॅट बसविण्यापूर्वी तपासावा. पातेल्यातील पाण्यात तो दोऱ्याने तळास न टेकेल असा सोडावा व शेजारी उष्णतामापक धरावा. पाणी तापवीत गेल्यावर कोरलेल्या आकड्याच्या सुमारास झडप उघडू लागली पाहिजे व निवताना मिटली पाहिजे. जुन्याचीही अशीच परीक्षा घेतल्यास दोष त्याचाच होता किंवा नाही हे कळते.

७. थर्मोस्टॅट त्याच्या खाचेत नीट बसवून नवे गॅस्केट घालावे आणि नट आळीपाळीने, थोडे थोडे, सारखे आवळावेत. एकच नट प्रथम पूर्ण आवळल्यास आवरण तडकते.

८. तोटी बंद करून व नळी बसवून पाणी सावकाश भरावे. झाकण उघडे ठेवून थंड इंजिन मंद गतीने चालवावे. बुडबुडे निघून पातळी खाली जाईल तसे पाणी घालावे व पाणी उसळण्यापूर्वी झाकण लावावे. इंजिन पुन्हा थंड झाल्यावर पातळी व गळती तपासावी.

पाण्याविषयी दक्षता

क्षारयुक्त विहिरीच्या पाण्याने इंजिनात पापुद्रे धरतात व झडप अडकते. म्हणून बॅटरीसाठी मिळणारे शुद्ध पाणी योग्य प्रमाणात कूलंट मिसळून वापरावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतू नये. त्यामुळे सिलिंडर हेडला तडा जाण्याचा धोका असतो.

नवा थर्मोस्टॅट बसवूनही इंजिन तापत असल्यास गाडी तशीच न चालविता पाण्याचा पंप, रेडिएटर व हेड गॅस्केट जाणकार कारागिराकडून तपासून घ्यावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पातेल्यातील परीक्षेचे प्रात्यक्षिक गावात करून दाखवावे. झडप उघडताना व मिटताना एकदा डोळ्यांनी पाहिली, म्हणजे ती काढून टाकण्याचा सल्ला सहसा कोणी मानणार नाही.